देवाच्या दारचें धरणें

संतवाङ्मयानें महाराष्ट्राला बळ दिलें कीं त्याला दुबळें केलें, हा आपल्याकडील टीकाकारांचा जुना आणि आवडता वाद आहे. न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी इतिहासग्रंथांत संतांना मराठ्यांच्या उदयाची पूर्वतयारी करणारे पुरुष मानलें, आणि त्यांची तुलना युरोपांतील धर्मसुधारकांशीं केली. इतिहासाचार्य राजवाडे यांना हें मत मुळींच मानवलें नाहीं. टाळमृदंगाच्या नादांत लोकांचें कर्तृत्व निजलें, व तें जागें करण्यास रामदासांचीच वाणी लागली, असा त्यांचा रोख होता. पुढें १९५० सालीं प्रा. गं. बा. सरदार यांनीं 'संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुति' या ग्रंथांत हाच विषय पुष्कळ समतोलपणें मांडला. त्यांनीं घेतलेला आढावा आजहि उपयुक्त आहे. तथापि या तिन्ही विवेचकांच्या लेखनांत एक गोष्ट सारखीच आढळते. तिघेहि शतकांच्या हिशेबानें बोलतात. स्वराज्य आलें कीं नाहीं, जातिभेद सैल झाला कीं नाहीं, अशा मोठ्या मापांनीं ते भक्तीचें मोजमाप करतात. धैर्य ही मात्र त्या मापाची वस्तु नव्हे. तें एखाद्या माणसाला एखाद्या दिवशीं, एखाद्या विशिष्ट दारासमोर उभें राहतांना लागतें; आणि त्या दिवशीं तें असतें किंवा नसतें. लोकांना एकत्र करूं पाहणाऱ्याच्या अंगीं हें धैर्य कोठून येतें, आणि भक्तीशीं त्याचा कांहीं संबंध आहे काय, हा प्रश्न आमच्या टीकेनें फारसा विचारलेला नाहीं. प्रस्तुत लेखांत तो विचारावयाचा आहे.

खेड्यांत चार माणसें जमवून एखादी अन्यायाची रूढि मोडूं पाहणाऱ्याला पहिली भीति लाठीची किंवा तुरुंगाची नसते. ती वाळीत पडण्याची असते. न्हावी यावयाचा थांबतो, विहिरीवर घागर लागत नाहीं, दुकानदार उधारी बंद करतो, मुलीचें ठरलेलें लग्न मोडतें, आणि अखेरीस घरचींच माणसें दोष देऊं लागतात. कोणी अंगाला हात न लावतांहि माणसाचा धीर या मार्गानें खचतो. अशा वेळीं त्याला दोन गोष्टींची गरज असते : जातिगोतापलीकडचीं कांहीं माणसें, आणि गांवच्या पंचांहून वरचढ असा एखादा साक्षी. वारकरी पंथानें या दोन्ही गोष्टी, निदान कागदावर, देऊं केल्या होत्या. 'कागदावर' असें मी कां म्हणतो तें पुढें येईलच.

तुकारामांच्या गाथेकडे या दृष्टीनें पाहिलें म्हणजे प्रथम ध्यानांत येतें तें हें कीं, तिच्यांत शांति आहे तितकेंच भांडणहि आहे. तसबिरींनीं आपल्या मनांत तुकोबांची जी मूर्ति ठसविली ती डोळे मिटलेल्या, वीणा हातीं घेतलेल्या सत्पुरुषाची. गाथेंतला माणूस मात्र देवाला ऋणको ठरवितो, त्याच्या ब्रीदाची त्याला आठवण देतो, त्याला कृपण म्हणतो, त्याच्या दारांत धरणें धरण्याची भाषा करतो, आणि उत्तर येईनासें झालें म्हणजे त्याच्या असण्याविषयींहि शंका घेतो. ही वाणी शास्त्रग्रंथांतून आलेली नव्हे, दुकानाच्या गादीवरून आलेली आहे. तुकोबा जातीनें कुणबी व व्यवसायानें वाणी. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळानें त्यांचें दुकान आणि घर दोन्ही मोडलीं. खत, जामीन, व्याज, दिवाळें हे शब्द त्यांच्या अंगवळणीं पडलेले होते, आणि देवाशीं बोलतांना तेच तोंडांत आले.

धरणें हा शब्द आज आपण मोर्चाचा सोबती म्हणून वापरतों. त्याचा मूळ अर्थ विसरला गेला आहे. जुन्या काळीं ज्याचें येणें बुडालें तो धनको ऋणकोच्या उंबऱ्याशीं उपाशी बसे. तो उपाशी असेपर्यंत आंतल्यालाहि घास गिळणें कठीण होई, आणि त्याचें कांहीं बरेंवाईट झाल्यास तें पाप घरधन्याच्या माथीं येई. इंग्रजी अमलाला हा प्रकार चांगलाच डांचला असावा. १८६० च्या दंडसंहितेंतील ५०८ व्या कलमांत, दैवी कोपाची भीति घालून एखाद्याला भाग पाडण्याचा गुन्हा सांगतांना, पहिलें उदाहरण धरण्याचेंच दिलेलें आहे. (ती संहिता २०२४ सालीं गेली; तिच्या जागीं आलेल्या कायद्यांतहि हा गुन्हा कायम आहे.) धरण्याचें मर्म असें कीं, तेथें दुबळा माणूस शस्त्र उचलीत नाहीं, पण याचनाहि करीत नाहीं. तो आपलें येणें मागतो. भीक मागणाऱ्याच्या तोंडावर दार लावून घेतां येतें, धनकोच्या तोंडावर तें इतक्या सहज लावतां येत नाहीं. भक्तीनें मनुष्य निर्भय होतो असें आपण मोघमपणें म्हणतों, तें मला या अर्थानें खरें वाटतें. ज्यानें वर्षानुवर्षें देवाशीं धनकोच्या नात्यानें बोलण्याचा सराव केला, त्याला पाटलाशीं याचकाच्या नात्यानें बोलणें जड जाऊं लागतें.

परंपरा सांगते कीं, वडिलोपार्जित कर्जखतांपैकीं आपल्या वाट्याचीं खतें तुकोबांनीं इंद्रायणींत सोडलीं. पुढें त्यांच्या अभंगांच्या वह्याहि त्याच नदींत बुडविण्यांत आल्या, आणि तेव्हां ते तेरा दिवस कांठीं अन्नपाण्यावांचून बसून राहिले. या कथांत ऐतिहासिक अंश किती, हा वाद येथें नको. ज्या समाजानें त्या इतक्या मायेनें जपल्या त्याला दोहोंमधलें नातें कळलें होतें. माणसांवरचें येणें सोडलें, देवावरचें सोडलें नाहीं.

येथेंच राजवाड्यांच्या आक्षेपाला जागा सांपडते, आणि ती त्यांना मोकळेपणानें दिली पाहिजे. माणसांवरचें येणें सोडून देणारा निर्भय होतो खरा; परंतु त्याच्या निर्भयतेचा शेजाऱ्याला काय उपयोग? गांवचा सावकार अशा भक्ताच्या पायां पडेल, त्याची पालखी स्वतःच्या खांद्यावर घेईल, आणि घरीं येऊन कुळाची वसुली पूर्ववत् चालूं ठेवील. इंग्लंडच्या इतिहासांत हाच वाद मेथॉडिस्ट पंथाविषयीं झाला आहे. हालेव्ही या फ्रेंच इतिहासकारानें असें प्रतिपादिलें कीं, या पंथामुळें इंग्लंड क्रांतीपासून बचावलें. ई. पी. टॉम्प्सन यांनीं १९६३ सालच्या आपल्या इंग्रज कामगारवर्गावरील ग्रंथांत तर या भक्तीची कडक झडती घेतली. तिनें मजुराला शिस्त लावून गिरणीमालकाच्या हवालीं केलें, हा त्यांचा आरोप प्रसिद्ध आहे. आणि तरीहि १८३४ सालीं डॉर्सेट परगण्यांतील टॉलपडल गांवच्या ज्या सहा शेतमजुरांना, घसरत्या मजुरीविरुद्ध संघ काढल्यामुळें बेकायदा शपथेचें निमित्त करून, सात वर्षांची हद्दपारी झाली, त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा त्याच पंथाचा प्रवचनकार होता. चार लोकांसमोर उभें राहून बोलणें, पैपैची वर्गणी जमवून तिचा हिशेब ठेवणें, सभा वेळेवर सुरू करून वेळेवर संपविणें, हें सारें त्या मजुरांना शाळेनें शिकविलें नव्हतें. तें प्रार्थनामंदिरांत शिकावयास मिळालें.

आपल्या दिंडीनेंहि तेंच शिकविलें आहे. एकोणिसाव्या शतकांत हैबतबाबा आरफळकर यांनीं ज्ञानेश्वरांच्या पालखीला जी शिस्त लावून दिली, ती पाहून लष्करी अधिकाऱ्यालाहि कौतुक वाटावें. रथापुढच्या व रथामागच्या दिंड्यांचा क्रम ठरलेला. वीणेकरी कोण, टाळकरी कोठें, हें ठरलेलें. तळावर दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवून कळवावयाची, आणि चोपदारानें ती ऐकून घेतल्याखेरीज आरती पुढें सरकावयाची नाहीं. आळंदीपासून पंढरपुरापर्यंत अडीचशें किलोमीटरांची ही वाट लाखों माणसें अशा व्यवस्थेनें चालतात. म्हणजे शिस्त आहे, निर्भयता आहे, जातिगोतापलीकडची संगत आहे, वरचढ साक्षी तर कमरेवर हात ठेवून प्रत्यक्ष उभा आहे. असें असून त्याच्याच देवळाचें दार सहाशें वर्षें कांहीं माणसांना बंद राहिलें.

हा प्रश्न चोखामेळ्याचा आहे, आणि भक्तींतून धैर्य येतें असें म्हणणाऱ्या कोणालाहि तो टाळतां येणार नाहीं. चोखोबा मंगळवेढ्याचे. गांवकुसाचें काम चालूं असतां भिंत कोसळून १३३८ सालीं ते गेले असें मानतात, आणि त्यांची समाधि पंढरपुरास महाद्वारासमोर, नामदेवाच्या पायरीजवळ आहे. वारकरी तेथें डोकें टेकतो व आंत जातो. चोखोबांच्या जातीचा वारकरी १९४७ पर्यंत तेथें डोकें टेके, आणि मागें फिरे. चोखोबांच्या अभंगांत विनवणी अधिक आहे. पण त्यांच्या मुलाचे, कर्ममेळ्याचे, जे थोडे अभंग उपलब्ध आहेत त्यांतील स्वर निराळा आहे. हीन म्हणून जन्मास घातलेंस, मग तुझ्या थोरपणाचें आम्ही काय करावें, असा त्याचा सरळ सवाल आहे. तिखटपणांत तो तुकोबांना हार जात नाहीं. बापलेकांचे हे अभंग एकापुढें एक ठेवून वाचले म्हणजे, भक्ति माणसाला फक्त सोसावयास शिकविते, हें मत टिकत नाहीं. देवाच्या दारांत धरणें या घरानेंहि धरलें होतें. परंतु अर्ज देवाकडे गेला; त्याची नक्कल बडव्यांच्या हातीं कोणी दिली नाहीं. ती देण्याचें काम चोखोबांचें नव्हे. त्यांचे अभंग गातांना ज्यांचे डोळे भरून येत, आणि ज्यांना आंत जाण्याची मुभा होती, त्यांनीं एकदां तरी बाहेर बसावयास पाहिजे होतें. एवढें अश्रु गाळणारा समाज एवढी साधी गोष्ट करीत नाहीं, तेव्हां त्याच्या भक्तींत कांहीं तरी उणें आहे असेंच म्हणावें लागतें.

२ मार्च १९३० रोजीं नाशिकास काळाराम मंदिरासमोर जें सुरू झालें तें शब्दशः देवाच्या दारचें धरणें होतें. डॉ. आंबेडकर आणि भाऊराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखालीं अस्पृश्य मानलेलीं स्त्रीपुरुषें दारांशीं बसलीं, रामनवमीच्या रथाच्या वेळीं त्यांनीं दगड खाल्ले, आणि हा लढा १९३५ पर्यंत चालला. या धैर्याचें श्रेय भक्तीला देण्याचा मोह कीर्तनकार मंडळींना होईल. पण तो आवरला पाहिजे. १९३४ च्या मार्चमध्यें गायकवाडांना लिहिलेल्या पत्रांत आंबेडकरांनीं स्वच्छ सांगितलें आहे कीं, आपले लोक मूर्तिपूजक व्हावेत म्हणून हा लढा आरंभला नव्हता. त्यांच्यांत चेतना यावी, आपल्या स्थितीची त्यांना जाणीव व्हावी, यासाठीं तो होता. म्हणजे धैर्याचा उगम येथें स्वाभिमानांत आहे. बसणाऱ्या प्रत्येकाच्या मनांत काय होतें हें एका पत्रावरून ठरवितां येत नाहीं हें खरें; तरी भक्तीवांचून धैर्य येतें, आणि तें पांच वर्षें टिकतेंहि, ही गोष्ट नाशिकनें सिद्ध केली आहे, आणि माझ्यासारख्या गाथेच्या वाचकानें ती मान्य केली पाहिजे. मात्र नवल असें कीं, १९३५ च्या ऑक्टोबरांत येवल्यास हिंदुधर्म सोडण्याची घोषणा करणाऱ्या याच पुरुषानें १९४८ सालीं अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला.

पंढरपूरचें दार उघडलें तें साने गुरुजींच्या उपोषणानें. गुरुजींच्या गद्यावर रडवेपणाचा आक्षेप जुना आहे, आणि वाङ्मयाच्या दृष्टीनें तो सर्वस्वीं खोटा नाहीं. १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेली 'श्यामची आई' मराठी घरांघरांत पोंचली ती तिच्यांतील अश्रूंमुळें. पण तेच अश्रु पुढच्या पुस्तकांत अति झाले. या लेखनांतला देव आई आहे, आणि आईशीं कोणी येण्यादेण्याचा हिशेब करीत नाहीं. तुकोबांचें खत आणि जामीन गुरुजींच्या शब्दकोशांत नाहींत. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांचीं गीतेवरील प्रवचनें त्यांनींच टिपून घेतलीं. परंतु विनोबांचा कोरडा, गणिती नेमकेपणा त्यांच्या लेखणीला लागला नाहीं. केवळ पुस्तकें वाचून कोणी अंदाज केला असता, तर हा मनुष्य रडेल, क्षमा मागेल, आणि घरीं जाईल, असेंच त्यानें म्हटलें असतें.

तसें झालें नाहीं. उपोषणाच्या आधीं कित्येक महिने गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले, आणि त्या दौऱ्यांत गांवोगांवचीं देवळें व पाणवठे खुले झाले. संघटनेच्या दृष्टीनें खरें काम तें. मग १ मे १९४७ रोजीं पंढरपुरास, तनपुरे महाराजांच्या मठांत, ते उपोषणास बसले. गांधीजींना हें उपोषण पसंत नव्हतें, आणि तें सोडण्याविषयीं त्यांनीं तारेनें कळविलें. ज्यानें गांधींना गुरुस्थानीं मानलें त्याला सनातन्यांच्या विरोधापेक्षां ही तार अधिक जड गेली असली पाहिजे. तरी ते उठले नाहींत. दहाव्या दिवशीं, १० मे रोजीं, मंदिर खुलें करण्याचें मान्य झाल्यावर उपोषण सुटलें. या प्रसंगांत मला उपोषणाइतकेंच महत्त्व मठाच्या दाराचें वाटतें. मंदिरप्रवेशासाठीं बसणाऱ्याला एका वारकरी महाराजानें आपल्या मठांत जागा दिली, म्हणजे सहाशें वर्षें राहून गेलेली गोष्ट कोणीतरी केली. नक्कल बडव्यांच्या हातीं पडली.

हें धरणें एका बाबतींत मात्र उलटें होतें. गुरुजी धनको नव्हते. कोंकणांतील पालगडच्या खोताच्या ब्राह्मण घराण्यांत जन्मलेला हा माणूस ज्यांचें देणें थकलें होतें त्यांच्यांतला; ऋणकोच स्वतःच्या दारांत उपाशी बसला होता. त्या कृत्याचें तेज यांतच आहे, आणि त्याची मर्यादाहि यांतच आहे. ज्यांचें येणें होतें ते या नाट्यांत प्रेक्षक झाले. दार उघडलें तें त्यांनीं वसूल केलें म्हणून नव्हे, तर एका सज्जनाचा जीव वांचावा म्हणून. आंबेडकरांच्या अनुयायांचा मार्ग एव्हांना वेगळा झाला होता, आणि या विजयाचें त्यांना अप्रूप वाटलें नसेल तर तो त्यांचा कोतेपणा म्हणतां येणार नाहीं. शिवाय एका माणसाच्या शरीरावर उभारलेली संघटना त्या शरीराइतकीच टिकते. देवळांतील बडव्यांचे वंशपरंपरागत हक्क संपले ते १९७३ च्या कायद्यानें आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ सालच्या निकालानें. त्या लांबलचक कज्जांत कोणी उपाशी बसलें नव्हतें. आणि खुद्द गुरुजी? ११ जून १९५० रोजीं त्यांनीं स्वतःच्या हातानें आपलें जीवन संपविलें. भक्तीनें त्यांना जें दिलें तें दुसऱ्यांसाठीं बसण्याचें धैर्य. समाधान दिलें नाहीं. या दोन गोष्टी एकच आहेत असें मानून लिहिलेलीं त्यांचीं स्तुतिस्तोत्रें मला वाचवत नाहींत.

आतां ज्यांनीं कांहींच लिहिलें नाहीं त्यांच्याविषयीं. गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांचें कीर्तन हा वाङ्मयप्रकार आमच्या टीकेनें अजून मोजलेला नाहीं, कारण त्याची संहिता हाताशीं नाहीं. अखेरच्या काळांतील एका कीर्तनाचें ध्वनिमुद्रण मात्र ऐकावयास मिळतें. वारकरी कीर्तनांत अभंगाचें निरूपण असतें. बुवा सांगतो व लोक ऐकतात. गाडगेबाबांनीं तेथें प्रश्न घातला. वऱ्हाडी बोलींत एकामागून एक साधे प्रश्न विचारावयाचे, आणि उत्तर हजारों तोंडांतून काढून घ्यावयाचें. देव कोठें राहतो, नवसाला कोंबडें कां कापतां, कर्ज काढून तिथी कां करतां, असे ते प्रश्न. उत्तरांत विद्वत्ता कांहीं नाहीं. पण ज्यानें जन्मांत पाटलापुढें तोंड उघडलें नाहीं, त्याला तेथें भर सभेंत स्वतःचा आवाज ऐकूं येतो, आणि तो एकटा नसतो. लव्हलेसच्या शेतमजुरांना प्रार्थनामंदिरांत जें मिळालें तें हेंच. गुरुजींच्या उपोषणांत लोक पाहत होते, बाबांच्या कीर्तनांत लोक बोलत होते. लोकसंघटनेच्या कामांत या फरकाचें मोल फार आहे, आणि कलादृष्टीनेंहि मी बाबांच्या कीर्तनाला गुरुजींच्या गद्याहून वरचें स्थान देईन.

परीट जातींत जन्मलेले गाडगेबाबा पंढरीस वारीला येत, खराट्यानें वाळवंट झाडीत, कीर्तन करीत, आणि देवळांत न जातां परत जात. यात्रेकरूंसाठीं त्यांनीं ठिकठिकाणीं धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरास बांधली तिला चोखामेळ्याचें नांव होतें. ही धर्मशाळा पुढें त्यांनीं विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठीं आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास बौद्धधर्माची दीक्षा घेऊन आंबेडकर विठ्ठलासकट साऱ्या देवांच्या दारांतून कायमचे उठले; ६ डिसेंबरला ते गेले, आणि त्यानंतर चौदा दिवसांनीं, २० डिसेंबरला, गाडगेबाबा गेले.